विसणाचा हिशोब : औसा ते वसमत, पाच दिवस

दिवस पहिला : कारखाना आणि दाजींचा बोअर

आंघोळीच्या पाण्यावरून भाचा आणि मी भांडलो, त्यातून ही सहल निघाली. माघातली थंडी होती. मी पहाटे बंब पेटवला, कडकडीत पाणी बादलीत काढलं आणि त्यात गार पाण्याचे चार तांबे ओतले. दारात उभा राहून भाचा म्हणाला, "मामा, एवढं तापवायचंच कशाला, जर लगेच विसण घालायचं असेल तर?" मी म्हटलं, तुझ्या आजीनं असंच केलं, पणजीनं असंच केलं. तो म्हणाला, "त्यांच्याकडं लाकूड होतं."

हा भाचा पाइप आणि हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे एका पाण्याची उष्णता न मिसळता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात आहे. कामानिमित्त दोन हिवाळे आइसलँडमध्ये, रेक्याविकला काढून आला. तिथं जमिनीतलं गरम पाणी नळानं घरोघर येतं. १९३० साली सुरुवात झाली तेव्हा विहिरींतून सेकंदाला १४ लिटर, ८७ अंशांचं पाणी निघत होतं. ते एक शाळा, दवाखाना, पोहण्याचा तलाव आणि सत्तरेक घरांना पुरलं. आज त्या देशातली दहातली नऊ घरं अशीच ऊब घेतात. रेडिएटरमध्ये शिरताना पाणी ८० अंशांच्या आसपास असतं. बाहेर पडताना ३५-४० वर आलेलं असतं, पण त्याला गटार दाखवत नाहीत. ते फुटपाथखालच्या नळ्यांतून फिरवतात, म्हणजे वरचं बर्फ वितळतं. "एकच पाणी मामा, आणि प्रत्येक पायरीवर वेगळं काम."

मी साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाउसमध्ये, जिथं रस आटवून साखर करतात तिथं, ३१ वर्षं काढली आहेत. पायऱ्या मला कोणी शिकवायच्या नाहीत. म्हटलं, चल.

गळीत हंगाम जोरात होता. जुन्या ओळखीवर आत सोडलं. बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, तो आंबूस-गोड वास नाकात गेला आणि गुडघेदुखी विसरून मी जिने चढलो. भाच्याला क्वाडसमोर उभं केलं. क्वाड म्हणजे रस आटवणाऱ्या एकापुढे एक चार बॉड्या. बॉयलरची वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज करते. तिथं दमलेली वाफ, जिला आम्ही एक्झॉस्ट म्हणतो, ती पहिल्या बॉडीला जाते. रस उकळून त्याची जी वाफ निघते ती दुसऱ्या बॉडीला, दुसरीची तिसरीला, तिसरीची चौथीला. थंड होत गेलेल्या वाफेनं पुढचा रस उकळावा म्हणून पुढं पुढं हवा ओढून घेतात. चौथ्या बॉडीत चांगला व्हॅक्यूम असतो, तिथं रस ५५ अंशांच्या आसपासच उकळतो. एक किलो वाफ घातली की चार किलोच्या जवळपास पाणी उडतं. नॉर्बर्ट रिलिये नावाच्या माणसानं १८४० च्या दशकात अमेरिकेत लुइझियानामध्ये ही युक्ती बसवली. आमच्या कितीतरी ऑपरेटरांना त्याचं नाव माहीत नाही, पण त्याचं काम मात्र त्यांना हातासारखं माहीत आहे.

भाचा बराच वेळ काचेतून उकळता रस बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, मग तुम्ही घरी विसण कामून घालता?"

याला उत्तर नव्हतं. खरं बघितलं तर विसण घातल्यानं उष्णता कुठं जात नाही, ती सगळी बादलीतच राहते. जाते ती तिची उंची, म्हणजे अंश. ८० अंशांच्या एका तांब्यात दूध तापवता येतं, नंतर आंघोळ करता येते, शेवटी पाय शेकता येतात. तोच तांबा गार पाण्यात ओतला की फक्त आंघोळ उरते. आमची आई चुलीवर हेच पाळायची. जाळावर भाकरी, वैलावर भाजी, रात्री निखाऱ्यावर दुधाणं आणि सकाळी राखेनं भांडी. बंबाजवळ आलो की तेवढं शहाणपण आम्ही कुठं ठेवतो कोण जाणे.

दुपारी किल्लारीच्या बाजूला थोरल्या बहिणीकडं गेलो. दाजींनी हजार फूट बोअर मारलेला आहे. त्या पट्ट्यात आता तेवढं खाली गेल्याशिवाय पाणी लागतच नाही. दाजी म्हणाले, "कोमट येतंय बगा. थंडीत पोरं तिथंच आंघोळ करतेत. आधी वाटलं मोटर तापायली." मोटर नव्हे, जमीन. दहा मिनिटं पाणी वाहू दिलं, पाइपातलं गार पाणी निघून गेलं आणि मग थर्मामीटर धरला. ३४. शेजारच्या जुन्या विहिरीत २६. खाली जाल तसं किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढतात. हजार फूट म्हणजे ३०० मीटर, तेव्हा हिशोब बरोबर जुळतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं होतं. ३३८ मीटरपर्यंत आपला काळा कातळ लागला, मग ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली कितीतरी जुना खडक. हे मी सांगत होतो, दाजी ऐकत होते. त्या पहाटेबद्दल ते कधी बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. बहिणीनं चहा आणला.

दिवस दुसरा : नांदेडवरून किनवट

लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अहमदपूरच्या पुढं टायर बसलं, स्टेपनीत हवा नव्हती, आणि स्टेपनी बघायची जबाबदारी माझी होती.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. तिथली डाळ खाताना मला हिमाचलातलं मणिकरण आठवलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको गेलो होतो. तिथल्या गुरुद्वाऱ्यात जमिनीतून उकळतं पाणी येतं आणि लंगरची पातेली त्यातच उतरवतात. तांदूळ फडक्यात बांधून सोडले की शिजून वर. शेजारी त्याच पाण्याची आंघोळीची कुंडं, पण माणसानं उतरावं म्हणून तिथं गार पाणी मिसळलेलं. भाचा म्हणाला, "म्हणजे तिथंही विसणच."

"पण आधी भात शिजला ना!" मी म्हटलं. पहिल्यांदाच मी एक गुण मिळवला.

भोकर, हिमायतनगर सोडलं की मराठवाडा ओळखीचा राहत नाही. उघडी माळरानं संपतात, सागाचं जंगल सुरू होतं, मधूनमधून बंजारा तांडे लागतात. पळस नुकता पेटायला लागला होता. किनवटला पोहोचेपर्यंत अंधार पडला. लॉजमधला गीझर एवढं तापवायचा की नळाखाली हात धरवत नव्हता, आणि सेटिंगचं बटण तुटलेलं. पुन्हा विसण. भाचा पलंगावर बसून सांगायला लागला की परळीसारख्या केंद्रात कोळसा जाळून ५०० अंशांच्या वर वाफ करायची, त्यातली जेमतेम तिसऱ्या हिश्शाची वीज करायची, बाकीची उष्णता कूलिंग टॉवरमधून आभाळात सोडायची, मग ती वीज तारेनं किनवटला आणायची, पाणी ७० अंशांवर न्यायचं आणि त्यात गार ओतून ४० वर आणायचं. मी पांघरूण डोक्यावर घेतलं. परळीचं नाव निघालं की मला २०१५ आठवतं. पाणी नाही म्हणून सगळे संच बंद पडले होते. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक बादली आधी आंघोळीला, तेच पाणी कपड्यांना, मग फरशीला आणि शेवटी कढीपत्त्याला जायचं. पाण्याची उतरंड आम्हाला कोणी समजावून सांगावी लागली नाही. अंशांची मात्र कधी रचली नाही.

दिवस तिसरा : उनकेश्वर

सकाळी धुकं होतं. पैनगंगेच्या काठी उनकेश्वर, पलीकडं यवतमाळ जिल्हा. महादेवाचं देऊळ आणि गरम पाण्याची कुंडं. कथा अशी सांगतात की शरभंग ऋषींचं अंग व्याधीनं झडत होतं, रामानं बाण मारून हे पाणी काढून दिलं. आजही अंगावर चट्टे, खरूज, नायटा घेऊन लोक येतात आणि मुक्काम करून रोज आंघोळ करतात. गुण येतो की नाही हे मी सांगणारा कोण, पण कुंडाच्या काठावर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर थंडीच्या सकाळी जो सैलपणा येतो तो मी डोळ्यांनी बघितला. मग मीही उतरलो. विसण लागलं नाही.

थर्मामीटरवर ४१. भाच्याचा चेहरा थोडा पडला. एवढ्या लांब आलो आणि निसर्गानं आधीच आंघोळीचं पाणी करून ठेवलेलं. आइसलँडवाल्यांनी एक तक्ता केला आहे, बाल्दुर लिंदाल नावाच्या तिथल्या इंजिनिअरनं १९७३ साली मांडलेला. तापमानाची उभी पट्टी आणि प्रत्येक अंशासमोर काम. सर्वांत वर वीज, मग कारखान्यांतली वाळवणं, मग घरं तापवणं, हरितगृहं, आणि तळाला तलाव आणि मासे. ४१ म्हणजे त्या शिडीची शेवटची दोन-तीन पावलं.

पण मी कारखान्याचा माणूस. चौथ्या बॉडीचं काम ५५ अंशांवर चालतं हे ज्यानं बघितलंय तो ४१ ला नाक मुरडत नाही. देवळाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहायला लागलो. सेकंदाला एक लिटर पाणी एक अंशानं उतरलं की ४.२ किलोवॉट. उनकेश्वरला नेमकं किती वाहतं ते मोजायला साधन नव्हतं, म्हणून एकच लिटर धरलं. ४१ चं ३१ झालं तर ४२ किलोवॉट. म्हणजे दोन किलोवॉटचे २१ गीझर रात्रंदिवस चालू, बिलाशिवाय.

"काय करायचंय त्याचं?" टपरीवाल्यानं विचारलं. तो आमचा कागद उलटा वाचत होता.

भाच्यानं सांगायला सुरुवात केली. गोबरगॅसच्या टाकीला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. किनवटकडं थंडीत गॅस मंदावतो तो त्यामुळंच. टाकीभोवती नळीचे वेढे दिले तर ४१ चं पाणी तिथं पहिलं वापरायचं. तिथून ते ३६-३७ वर येईल.

"मग कोंबडीची पिल्लं," टपरीवाला म्हणाला. "आमच्याकडं पहिला आठवडा बल्ब लावून ठेवतेत. लाइट गेली की पन्नास मरतेत."

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ लागतं. ३६ च्या पाण्यानं खोली तेवढी तापवणं म्हणजे ओढाताणच, नळ्या भरपूर लागतील, पण भिंतीला जाड भुसा भरला तर जमेल. मी तिसरी पायरी घातली. रेशमाच्या अळ्या. मराठवाड्यात तुती वाढतेय, जालन्याला कोषांचा बाजार आहे, आणि चॉकी, म्हणजे अगदी कोवळ्या, अळ्यांना २७-२८ अंश लागतात. माघातल्या रात्री त्यांच्या खोलीत शेगडी ठेवावी लागते, धूर झाला की अळ्या बिघडतात. पिल्लांकडून निघालेल्या ३३ च्या पाण्याला तिथं काम आहे. मग उरलेलं २८-२९ चं मत्स्यबीजाच्या तलावात, तिथून नदीत.

खरी गंमत पुढं होती. भाच्यानं पेन घेतलं आणि सगळ्या पायऱ्यांमधून एक उभी रेघ ओढली. "आता सांगा मामा, पिल्लं विकली. शेड रिकामं. पुढं काय होईल?" पुढं रेशमाच्या खोलीला ३३ च्या जागी ३६ चं पाणी जाईल आणि अळ्या शिजतील. एकामागं एक जोडलं की खालच्याचं नशीब वरच्याच्या हातात. म्हणून प्रत्येक पायरीला वळसा घालणारी नळी हवी, व्हॉल्व्ह हवा, आणि वरचा जास्त ओढायला लागला तर खालच्याला थोडं तापवून द्यायची दुसरी सोय हवी. पॅरिसजवळ मेलँ गावी १९६९ पासून जमिनीतल्या सुमारे ७० अंशांच्या पाण्यावर घरं तापतात. तशा जागी जुन्या रेडिएटरच्या इमारती आधी आणि फरशीखालून तापणाऱ्या नव्या इमारती नंतर जोडतात, कारण फरशीला ३५-४० पुरतं. तो क्रम उलटा केला तर दोन्हीकडं बोंब. तिथलं पाणी इतकं खारं आहे की ते घरात येऊच देत नाहीत. हीट एक्स्चेंजरमधून उष्णता काढून घेतात आणि पाणी दुसऱ्या विहिरीनं पुन्हा खाली पाठवतात. खाली दाब टिकतो, वर नदी बिघडत नाही.

इथं क्षार बघावे लागतील. कुंडाच्या कडेला पांढरट थर दिसत होता. आमच्या क्वाडच्या नळ्यांत असला थर बसला की कॉस्टिक घालून उकळावं लागायचं, त्यात दिवस जायचा आणि मॅनेजर ओरडायचा. शिवाय कुंडाबाहेर येणाऱ्या पाण्यात साबण, तेल, फुलं, बेल सगळं. ते सरळ नळीत घातलं तर महिन्यात बुजेल.

देवळातल्या गुरवांना विचारलं, कुंडात जायच्या आधीच पाणी फिरवून आणलं तर? त्यांनी आमच्याकडं असं बघितलं की भाच्यानं कागद खिशात घातला. मग ते म्हणाले, "पहिली आंघोळ देवाची आणि दुखणाईताची. पुढं काय करायचं ते करा." म्हणजे ४१ ची पायरी गेली. आंघोळीनंतरचं पाणी किती अंशांचं उरतं म्हणून ओघळात थर्मामीटर धरला. ३८. तीन अंश देवाचे, बाकीचे आमचे. मला हा सौदा वाईट वाटला नाही.

दिवस चौथा : माहूर

रेणुकेचं दर्शन, दत्तशिखर, अनसूया. गुडघ्यांनी तक्रार केली. तिन्ही शिखरं भाच्यानं चढली, मी रेणुकेच्या पायऱ्यांवर थांबलो, तांबूल खाल्ला आणि झोप काढली. अंशांबद्दल दिवसभर कोणी बोललं नाही. रात्री भाकरी, पातळ वरण, आणि लॉजमध्ये गीझरच नव्हता. थंड पाण्यानं आंघोळ केली.

दिवस पाचवा : वसमत

हदगाव, अर्धापूर करत वसमतला आलो. अर्धापूरच्या केळी संपतात आणि हळदीचा वास सुरू होतो. कंद काढायचं काम चालू होतं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे तिथला प्रत्येक माणूस पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.

हे हिरवं शिवार पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांवर उभं आहे. तेच पाणी वर येलदरीच्या धरणात आधी वीज करतं, मग खाली सिद्धेश्वरला अडवतात आणि तिथून कालव्यात सोडतात. म्हणजे इथंही उंचीचा आधी वापर, ओलाव्याचा नंतर. भाच्याच्या हे लक्षात आलं आणि तो खूष झाला. आमचे यजमान मात्र कालव्याच्या टेलला. ते म्हणाले, "वरच्याचं पोट भरल्यावर आमाला. कदी येतंय, कदी येत नाही." अळ्यांच्या खोलीचा व्हॉल्व्ह मला आठवला.

त्यांच्या शेतात हळद शिजवायचा कुकर लावला होता. पूर्वी मोठ्या कायलीत पाण्यात बुडवून शिजवायचे, आता बॉयलरची वाफ ड्रममध्ये सोडतात. भाचा रात्रीपासून एक कल्पना घोळवत होता. बॉयलरला आधीच कोमट पाणी दिलं तर जळण किती वाचेल? २२ ऐवजी ४१ चं. मी जमिनीवर काडीनं हिशोब मांडला. जुन्या कायलीत २२ वरून १०० पर्यंत न्यायचं म्हणजे ७८ अंश. त्यातले १९ फुकट मिळाले तर पाणी तापवण्याचं चौथाई जळण वाचतं. पण कुकरला पाणी नको, वाफ हवी. १०० अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. तिथवर तापवायला फक्त ३२७, आणि त्यातले आपण वाचवणार ८०. एकूण खर्चाच्या तीन टक्के. त्यासाठी उनकेश्वरचं पाणी वसमतला आणायचं? आइसलँडमध्ये एका झऱ्याचं पाणी ६४ किलोमीटर नळीनं आक्रानेस गावापर्यंत नेलंय, पण ते निघतानाच ९७ अंशांचं असतं. आपलं ४१ चं वाटेतच विसण होऊन जाईल.

भाचा काडी घेऊन माझ्या आकड्यांवर चूक शोधत बसला. सापडली नाही. मग म्हणाला, "तीन टक्के तर तीन टक्के. दाजींच्या बोअरजवळ गोबरगॅसची टाकी आहे का हो?" ३४ चं पाणी टाकीला ३५ पर्यंत नाही नेणार, पण माघातल्या रात्री २० पर्यंत तरी उतरू देणार नाही. मी दाजींना फोन लावला. ते मोटर चालू करायला रानात गेले होते, लाइट रात्रीची होती.

संध्याकाळी शेवटचा ड्रम उतरला आणि जाळ ओढून घेतला. मी सवयीनं बॉयलरकडं गेलो, तर हळद काढणाऱ्या टोळीतल्या बायका आधीच तिथं. बॉयलरच्या तोटीखाली घागरींची रांग. पहिली घागर कोपऱ्यातल्या पातेल्याकडं गेली, तिथं कण्या शिजत होत्या. पुढच्या दोन झावळ्यांच्या आडोशाला, पोरांच्या आंघोळीला. ड्रमच्या बुडातून गळलेलं पिवळं पाणी एका घमेल्यात साठवलेलं, आणि दोघीजणी भेगाळलेल्या टाचा त्यात बुडवून बसल्या होत्या. मी खिशातून थर्मामीटर काढला आणि घमेल्याजवळ वाकलो.

"मापून काय करता बाबा," त्यातली म्हातारी म्हणाली, "गार व्हायलंय. सरका."